खोली बदलली की लॅपटॉपचं नेट जातंय? दोन राउटरवाल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. पुढचा वाडा जुना, दगडाच्या भिंती दोन-अडीच फुटाच्या, मधी चौक, आणि मागं दादाच्या लग्नाच्या वेळी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. फायबरचा डब्बा बैठकीत, मागं रेंज पोचेना म्हणून दुसरा राउटर लावला, आणि तिथून पुढं रोजचं तेच, लॅपटॉप घेऊन चौक ओलांडला की वायफायच्या कांड्या फुल अन् नेट बंद. माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, आठवड्यातले तीन दिवस घरून, मीटिंगमधे माझं बोलणं अर्ध्यात तुटायचं आणि परत जोडेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. शेवटी नीट बसून एकेक गोष्ट तपासली तेव्हा कुठं कारण सापडलं. आता पाहुण्यारावळ्यांत आणि गल्लीत ज्यांच्याकडं दोन डब्बे आहेत ते सगळे मलाच विचारायलेत, म्हणून प्रश्न आले तसे इथं उत्तरं लिहायलेय.

ताई, कनेक्टेड दाखवायलंय, कांड्या बी फुल आहेत, मग नेट कामून चालेना?

कांड्या फक्त एवढंच सांगतात की लॅपटॉपला जवळच्या डब्ब्याचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतोय. त्या डब्ब्यातून पुढं फायबरपर्यंत रस्ता आहे का नाही हे कांड्यांना माहीत नसतं. बसस्टँडवर पोचलो म्हणजे गाडी लागलेलीच असेल असं नसतंय ना, तसं आहे हे. म्हणून रेंज वाढवायच्या मागं आधी लागू नका, अँटिना फिरवणं, डब्बा उंच ठेवणं, हे सगळं नंतर. नव्वद टक्के कांड्या असूनही नेट नाही म्हणजे आजार रेंजचा नाही, पत्त्याचा, म्हणजे लॅपटॉपला मिळणाऱ्या नंबराचा, असायची शक्यता जास्त.

एका राउटरवरून दुसऱ्यावर जायचं हे ठरवतं कोण? राउटर का लॅपटॉप?

लॅपटॉप. हे लोकांना खरं वाटत नाही पण असंच आहे, राउटर फार तर सुचवू शकतो, निर्णय लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा आणि त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्यामुळं एकाच घरात एकाच जागी एक लॅपटॉप पटकन उडी मारतो आणि दुसरा जुन्यालाच धरून बसतो, यात राउटरची चूक नसते.

मग नेमकं कुठं बिघडलंय ते मला घरी बसून कसं कळंल?

हे जरा सावकाश वाचा, सगळी मेख इथंच आहे. विंडोजवर स्टार्टमधे जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा, काळी खिडकी येते, त्यात आयपीकॉन्फिग टाईप करा (स्पेलिंग आय पी सी ओ एन एफ आय जी, सगळं जोडून), मग एक स्पेस, मग तिरकी रेघ, मग ऑल, आणि एंटर. लै ओळी येतात, घाबरू नका, वायफायच्या भागातल्या तीनच ओळी पाहायच्यात: आयपीव्ही४ ॲड्रेस (लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर नेटवर जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ता देणारा डब्बा). आधी बैठकीत नेट चालू असताना ह्या तिन्ही कागदावर लिहून घ्या, मग मागच्या खोलीत जा, नेट गेलं की परत तीच कमांड द्या आणि कागदाशी जुळवा.

मी हे केलं तेव्हा बैठकीत गेटवे होता १९२.१६८.१.१ आणि मागच्या खोलीत एकदा तोच आला, एकदा १९२.१६८.१.२५४ आला. तो २५४ म्हणजे आमचा दुसरा राउटर, त्याला स्वतःलाच नेट माहीत नाही, तो लॅपटॉपला सांगतोय की बाहेर जायचं असेल तर माझ्यातून जा. हे एकदा दिसलं आणि दीड महिन्याचं कोडं सुटलं.

गेटवे किंवा डीएचसीपी सर्व्हर खोलीगणिक बदलत असेल तर घरात पत्ते वाटणारे दोघं आहेत, खालचा प्रश्न वाचा. आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कुणीच पत्ता दिला नाही म्हणून लॅपटॉपनं स्वतःच्या मनानं घेतलाय, मधली वायर किंवा पिन तपासा. आणि तिन्ही आकडे दोन्हीकडं सारखे असूनही नेट नाही तर वायर, एक्स्टेंडर (वायरीशिवाय रेंज पुढं ढकलणारा डब्बा) किंवा लॅपटॉपचा ड्रायव्हर, ते पुढं येतंय.

पत्ते वाटणारे दोघं म्हणजे काय? आणि ते बंद कसं करायचं?

घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, तो वाटायचं काम डीएचसीपी करतं आणि ते राउटरच्या आत असतं. बाजारातून आणलेला प्रत्येक राउटर डब्ब्यातून काढल्या काढल्या असंच समजतो की ह्या घराचा कारभारी मीच. फायबरचा डब्बा पण तेच समजतो. मग लॅपटॉप पत्ता मागतो तेव्हा दोघंबी उत्तर देतात आणि ज्याचं आधी आलं ते लॅपटॉप घेतो, म्हणून कधी चालतंय कधी चालत नाही, आणि म्हणूनच दुकानदाराला दाखवायला नेलं की तिथं मस्त चालतंय.

ह्यात अजून एक वाईट प्रकार असतोय, दोन्ही डब्ब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ च असणं. एका घरात एकाच नावाची दोन माणसं, हाक मारली की कधी हा ओ देतो कधी तो.

उपाय: दुसऱ्या राउटरला पत्ते वाटायचं बंद करायला लावायचं. लॅपटॉप फक्त त्या राउटरला वायरीनं जोडा, फायबरची वायर तोपर्यंत त्यातून काढून ठेवा, ब्राउझरमधे त्याचा पत्ता टाका (डब्ब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो), आत जाऊन ऑपरेशन मोड किंवा वर्किंग मोड शोधा. ॲक्सेस पॉइंट मोड (म्हणजे राउटर फक्त वायफाय सोडतो, कारभार बघत नाही) दिसला तर तो निवडा, सेव्ह करा, काम झालं, डीएचसीपी सहसा तो स्वतःच बंद करतो. आजकालच्या बऱ्याच राउटरमधे हा मोड असतोय. जुन्यात नसला तर हातानं करायचं, आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी लॅन सेटिंगमधे राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा काहीतरी करा, सेव्ह झालं की नव्या पत्त्यावरून परत आत या, मग डीएचसीपी डिसेबल करा, आणि मग फायबरकडून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टमधे (घरातली यंत्रं जोडायच्या भोकात) लावा. वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायचं) लिहिलेलं किंवा वेगळ्या रंगाचं पोर्ट रिकामंच ठेवायचं. नवा पत्ता फायबरच्या डब्ब्याच्या वाटपाच्या रेंजमधे येत नाही एवढं पाहा, तिथं १९२.१६८.१.१० पासून पुढं वाटप असेल तर २ नंबर सुरक्षित. आणि तो नंबर चिकटपट्टीवर लिहून डब्ब्याला चिकटवा, सहा महिन्यांनी लागतोच लागतो.

दोन डब्ब्यांमधे वायर एकच ठेवा. स्पीड वाढंल म्हणून कुणी दोन वायरी लावतात, त्यानं गोल चक्कर तयार होतंय आणि सगळ्या घराचं नेट झोपतंय.

आमच्याकडं वायर वॅन पोर्टलाच आहे आणि चालतंय की. तसंच ठेवलं तर?

चालतंय, पण चालता-फिरता तुटतंय. वॅनला लावलं की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं घर मांडतो, बैठकीत पत्ता १९२.१६८.१ वाला आणि मागं १९२.१६८.० वाला. वायफायचं नाव दोन्हीकडं एकच असलं तर लॅपटॉपला वाटतंय आपण त्याच नेटवर्कवर आहोत, तो बऱ्याचदा जुनाच पत्ता धरून बसतो, आणि नव्या डब्ब्याकडं तो पत्ता काहीच कामाचा नसतो. वायफाय बंद करून चालू केलं की चालतंय ते ह्यामुळंच, कारण तेव्हा लॅपटॉप नवा पत्ता मागतो. वरून प्रिंटर बैठकीत असला तर मागून तो सापडत नाही. आणि दोन्ही बाजूला १९२.१६८.१ च असला तर बऱ्याच राउटरमधे नेट चालतच नाही. एका जागी बसून काम करणाऱ्याला हरकत नाही, फिरणाऱ्यानं लॅन पोर्टच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तात्पुरतं मीटिंग चालू आहे, आत्ता काय करू?

वायफाय बंद करून पाच सेकंदांनी चालू करा. नाहीच झालं तर काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ, रिलीज, एंटर, आणि मग तसंच रिन्यू. मीटिंग संपल्यावर मात्र वरचं काम कराच.

मोबाईलवर तर घरभर चालतंय, मग लॅपटॉपच खराब असंल ना?

आमच्या पप्पांनीबी हेच म्हणलं होतं आणि मी त्या नादात लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार होते. मोबाईलचं असंय, वायफायला नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात, तुम्हाला कळतबी नाही. मोबाईल डेटा पूर्ण बंद करा आणि मग तोच फोन हातात घेऊन चौक ओलांडा. आमच्याकडं फोनचंबी नेट जात होतं, फक्त दिसत नव्हतं.

दोन्ही राउटरला वायफायचं नाव एकच द्यावं का वेगवेगळं?

पत्त्याचा घोळ मिटल्यावर एकच. नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटीचा प्रकार, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखं, एकीकडं डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडं डब्ल्यूपीए३ असं केलं तर काही लॅपटॉप अडून बसतात. नाव वेगळं असलं तर लॅपटॉप पहिल्याची रेंज पूर्ण तुटल्याशिवाय दुसऱ्याकडं बघतच नाही. पण तपासणी चालू असताना मुद्दाम वेगळी ठेवा, बैठक आणि मागची खोली अशी सरळ नावं द्या, म्हणजे आपण कुठल्या डब्ब्यावर आहोत ते डोळ्यानं दिसतंय.

पत्ते सगळे ठीक केले. आता नेट जात नाही, पण मागच्या खोलीत येऊनबी लॅपटॉप बैठकीच्याच राउटरला चिकटून राहतोय आणि लै स्लो.

हा दुसरा आजार, पहिल्याशी घोळू नका. आधी खात्री करा. काळ्या खिडकीत नेटश (एन ई टी एस एच) डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस अशी कमांड द्या, शब्दांमधे स्पेस, त्यात बीएसएसआयडी म्हणून एक लांब नंबर दिसतो, तो ज्या डब्ब्याचा त्यावर तुम्ही आहात, आणि खाली सिग्नल टक्क्यात. विंडोजच्या हिशेबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला) आणि ० टक्के म्हणजे उणे १००, म्हणजे ५० टक्के दिसले तर उणे ७५. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास तरी हवं, उणे ७५ ला आवाज तुटायला लागतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही कमांड लोकेशन चालू करायला सांगते, तेवढं करा.

आता डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली वायफाय कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. इंटेलचं कार्ड असलं तर तिथं रोमिंग ॲग्रेसिव्हनेस असं दिसंल, पाच पायऱ्या असतात आणि मूळची मधली असते. ती एक पायरी वर करा, दोन दिवस वापरा, मग लागलं तरच अजून वर. एकदम पाचवर नेऊ नका, मग लॅपटॉप एका जागी बसूनबी इकडून तिकडं उड्या मारत राहतो आणि ते चिकटण्यापेक्षा वाईट. त्याच खिडकीत पॉवर मॅनेजमेंट टॅब असंल तर वीज वाचवायला हे यंत्र बंद करू द्या अशा अर्थाची टिक काढून टाका, झाकण उघडल्यावर नेट मेलेलं असायचं हे एक कारण आहे.

मॅकबुकवाल्यांना ही सोय नाही. मॅक साधारण उणे ७५ डीबीएमच्या खाली गेल्यावरच नवा राउटर शोधायला लागतो, त्यामुळं तिथं उपाय राउटरकडूनच, बैठकीतल्या राउटरची ट्रान्समिट पॉवर (सिग्नल सोडायचा जोर) हाय वरून मीडियम करा. दोन्ही डब्बे जोरात ओरडत असले की लॅपटॉपला मागच्या खोलीतूनबी पुढचाच बरा वाटतो. ही पॉवर कमी करायची गोष्ट विंडोजवाल्यांनाबी उपयोगाची आहे आणि लोक नेमकं उलटं करतात.

चॅनेल काय ठेवायचं?

२.४ गिगाहर्ट्झला एकावर १, दुसऱ्यावर ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला एकावर ३६ आणि दुसऱ्यावर १४९, जर दोन्ही तुमच्या राउटरमधे दिसत असतील तर. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून उठावं लागतं, आणि तेवढ्यात लॅपटॉपचं नेट जातंय.

दगडी भिंत आणि पत्रा, ह्यानं किती फरक पडतो?

लै. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगड-मातीच्या, त्यातून ५ गिगाहर्ट्झ जवळपास पलीकडं जातच नाही, २.४ कसंबसं जातंय. पत्रा तर सिग्नल माघारीच फेकतो, पत्र्याच्या खोलीत बाहेरच्या राउटरची आशा करू नका, तिथं आतच डब्बा लागतो. डब्बा भिंतीआड ठेवण्यापेक्षा दाराच्या रेषेत ठेवा, आम्ही बैठकीतला राउटर कोनाड्यातून काढून चौकाकडच्या दाराच्या वर लावला आणि चौकातली मेलेली जागा संपली. पत्र्याखाली लावणार असाल तर छताला चिकटून नको, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, पत्र्याजवळ त्याहून जास्त, तापून राउटर स्वतःच बंद-चालू होत राहतो आणि तुम्हाला वाटतंय लॅपटॉपचा दोष.

लाईट जाऊन आली की हमखास नेट जातंय, बाकी वेळ ठीक. हे काय?

बऱ्याच घरांत बैठकीची लाईन इन्व्हर्टरवर असते आणि मागची नसते. लाईट गेली की मागचा राउटर मेला, लॅपटॉप बॅटरीवर चालू, तो रांगत बैठकीच्या राउटरवर जातो. लाईट आली की मागचा परत उठतो आणि लॅपटॉप तिकडं उडी मारतो, इथपर्यंत ठीक. पण दोन्ही डब्बे एकदम बंद होऊन चालू झाले तर मागचा साधा राउटर एका मिनिटात उठतो, फायबरच्या डब्ब्याला लाईन धरायला जास्त वेळ लागतो, आणि मागच्याचं डीएचसीपी चालू राहिलेलं असलं तर तेवढ्या वेळात तोच सगळ्यांना चुकीचे पत्ते वाटून मोकळा होतो. ॲक्सेस पॉइंट मोड केल्यावर हा त्रास गेला पाहिजे. तरी राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो तो दोन्हीकडं लावलेला चांगला, फक्त घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा, काही ९ व्होल्टचे असतात.

आम्ही वायर न टाकता एक्स्टेंडर लावलाय, त्याचं काय?

वायर टाकता येत असंल तर टाका. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. शिवाय बरेच एक्स्टेंडर लॅपटॉपची खरी ओळख लपवून स्वतःच्या नावानं पुढं पाठवतात, लॅपटॉप परत बैठकीत आला तरी राउटर थोडा वेळ उत्तरं एक्स्टेंडरकडंच धाडत राहतो. काही मिनिटांनी नेट आपोआप येत असंल तर हेच समजा.

कॅट५ई किंवा कॅट६ ची वायर १०० मीटरपर्यंत चालते, वाड्यात एवढं अंतर कुठलं. माळवदावरून नेणार असाल तर पाइपातून न्या, उघडी वायर उन्हानं तडकते आणि उंदराला तर ती आवडतेच.

८०२.११ के, व्ही, आर असलं काही राउटरमधे दिसतंय, चालू करू?

लॅपटॉपला राउटर बदलायला मदत करणारी ही वायफायची तीन मानकं, के आणि आर २००८ चे, व्ही २०११ चा. के शेजारच्या राउटरची यादी देतो, व्ही तिकडं जा म्हणून सुचवतो, आर जोडणीचा वेळ कमी करतो. के आणि व्ही चालू ठेवा. आर नं जुन्या लॅपटॉपचं वायफाय कधीकधी जोडतच नाही, आणि विंडोज १० घरच्या साध्या पासवर्डवाल्या नेटवर्कवर तो वापरतबी नाही, म्हणून अडचण आली तर बिनधास्त बंद करा.

मेश घेतलं की सगळं मिटंल असं दुकानदार म्हणायलाय.

मेश (एकमेकांशी जुळवून चालणाऱ्या डब्ब्यांचा संच) चांगलं असतंय, पण फायबरच्या डब्ब्यामागं ते राउटर मोडमधेच लावलं तर राउटरमागं राउटर तसाच राहतो, आणि जुना डब्बा स्वतःचं वायफाय सोडत राहिला तर पत्ते परत दोन ठिकाणचे. आधी घरात पत्ते वाटणारा एकच करा, त्यानंतरबी रेंज कमी पडली तर पैसे घाला.

पिंग चालतंय पण वेबसाईट उघडेनात.

पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला हाक मारून ओ येतो का बघणं. हा डीएनएसचा घोळ, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणाऱ्या सोयीचा. पिंग, स्पेस, ८.८.८.८ (आकडे इंग्रजीतच टाईप करायचे) ह्याला उत्तर येतंय आणि साईट नाही, म्हणजे बऱ्याचदा कधीतरी कुणीतरी लॅपटॉपमधे डीएनएस किंवा पूर्ण आयपी हातानं टाकून ठेवलाय. वायफायच्या सेटिंगमधे आयपी आणि डीएनएस दोन्ही ऑटोमॅटिक करा. ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर) असलं तर तेही बंद करून बघा, पत्ता बदलला की व्हीपीएन लटकतं.

फायबरवाल्याला फोन करून काय सांगू?

नेट चालत नाही असं म्हणाल तर तो बैठकीत येऊन स्पीड दाखवून जाईल. त्यापेक्षा असं म्हणा, दादा, माझ्या राउटरचं डीएचसीपी मी बंद केलंय, तुमच्या डब्ब्याचं वाटप कुठून कुठपर्यंत आहे तेवढं सांगा. आणि एक कळकळीची विनंती, फायबरच्या डब्ब्याचं रिसेटचं बारीक छिद्र टाचणीनं दाबू नका. त्यातली लाईनची सेटिंग पुसली जाते, मग तो माणूस येईपर्यंत पूर्ण घर बंद. दुसरा राउटर मात्र खुशाल रिसेट करा, तो आपलाच आहे.

नेटवर्क रिसेट मारू का विंडोजमधलं?

सगळ्यात शेवटी. सेव्ह केलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएन सगळं जातं. त्याआधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून वायफायचा नवा ड्रायव्हर टाकून बघा, माझ्या मामेभावाचं तेवढ्यानंच झालं.

आता खरंच दुरुस्त झालं हे कसं समजायचं?

काळ्या खिडकीत पिंग, स्पेस, १९२.१६८.१.१, स्पेस, आडवी रेघ आणि टी. दर सेकंदाला एक ओळ यायला लागते. आता लॅपटॉप उघडा ठेवूनच बैठकीतून उठा, हळूहळू चौकातून चालत मागच्या खोलीत या, खाटेवर बसा, परत या. रिक्वेस्ट टाइम्ड आऊट अशा ओळी किती आल्या ते मोजा. आमच्याकडं आधी तुळशीजवळ आलं की त्या ओळी सुरू व्हायच्या आणि वायफाय बंद करेपर्यंत थांबायच्याच नाहीत. सगळं केल्यावर तुळस ओलांडताना एक ओळ चुकली, एक ३४० मिलिसेकंदाची आली, आणि पुढच्या सगळ्या परत ३ अन् ४ वर. एखादी ओळ चुकली तर कॉलमधे समोरच्याला बऱ्याचदा कळतबी नाही. चार-पाचच्या वर गेल्या तर वरचा कागद परत काढा आणि गेटवेचा आकडा जुळवून बघा.